वायनोकाकांच्या बंबातलं जळकं तेल

मिशिगनच्या उत्तरेला, आमच्या हेमलॉक रस्त्यावर जळकं तेल कुणी फेकत नाही. ट्रकचं असो, ट्रॅक्टरचं असो, जंगलातून ओंडके ओढणाऱ्या यंत्राचं असो, इंजिनातून काळं होऊन बाहेर पडलं की ते कॅनमध्ये भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि जाता-येता वायनो केस्कितालोंच्या बंबघराच्या दाराशी ठेवून द्यायचं. ठेवताना हाक मारायची नाही. पुढे कधी दुकानात गाठ पडली तर एवढंच म्हणायचं, "काका, तुमच्या दाराशी माझी घाण टाकलीय. तेवढी संपवा." त्यावर वायनोकाका दाराकडे बघत म्हणायचे, "बघतो. जागा असली तर."

जागा नेहमी असायची.

बंब म्हणताना न्हाणीघरातला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणू नका. हा बंब पत्र्याच्या खोपटात बसवलेला होता आणि खोपट जेमतेम त्याच्या अंगावर शिवल्यासारखं होतं. गावातली लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या भंगारातली लोखंडी टाकी वायनोकाकांनी ओढून आणली आणि स्वतः जोडकाम करून तिचा बंब केला. मध्ये विस्तवाचं पोट, भोवती पाणी. तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जाई, भिंतीकडेच्या लोखंडी नळकांड्यांतून फिरून सगळ्या खोल्या ऊबदार करी, तिथून सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, नळाला जाई आणि निवून परत येई. खोपटाच्या छपरातून एक बारीक उघडी नळी वर काढलेली होती. बंब तिच्यातून श्वास घेतो, असं काका म्हणत. थंडीच्या सकाळी त्या नळीच्या तोंडाशी वाफेचा एवढासा पिसारा दिसला की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळे, वायनो केस्कितालो उठलेत.

बंबाच्या दाराच्या वर एक फळी होती. तिच्यावर पत्र्याचा डबा, डब्याला तांब्याची नळी, नळीला पितळी चावी. नळीचं टोक बंबाच्या पोटात उतरलेलं. तिथे निखाऱ्यांवर ट्रकच्या ब्रेकची जुनी लोखंडी थाळी ठेवलेली असे. डब्यातल्या जळक्या तेलाचा काळा थेंब त्या लाल थाळीवर पडला की चर्र होऊन त्याची ज्योत व्हायची आणि ती विझायच्या आत पुढचा थेंब यायचा. काका चावी फिरवताना कधी घड्याळ बघत नसत. ती जराशी फिरवून बंबासमोर उकिडवे बसत, तोंड मिटून श्वास घेत, सोडत. एक श्वास आत, एक बाहेर, एक थेंब. ट्रकचं तेल पातळ, ट्रॅक्टरचं जाड, आणि गारठ्यात राहिलेलं तर काकवीसारखं. दर वेळी चावी नव्यानं लावावी लागे. आम्ही कुणी तेल जास्त सोडायला सांगितलं की ते म्हणत, "लाकूड जेवण आहे. तेल तोंडीलावणं. तोंडीलावण्यानं पोट भरायला जाल तर पोट बिघडेल."

त्यांच्या बायकोला, लेम्पीकाकूंना, हे तेल कधी आवडलं नाही. तेल पेटलं की धुरांड्यातून काजळी येई आणि ती नेमकी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरे. आमच्याकडे चादरी भर हिवाळ्यातही बाहेर वाळतात, गोठून पत्र्यासारख्या ताठ होतात आणि आत आणल्या की त्यांना थंडीचा चांगला वास येतो. एका सोमवारी काकूंनी काळ्या ठिपक्यांची चादर दोरीवरून काढली, तशीच ताठ बंबघरात नेली आणि काकांच्या समोर भिंतीला टेकवून ठेवली.  तेव्हापासून सोमवारी, धुण्याच्या दिवशी, तेलाची चावी बंद. काकू जाऊन बरेच हिवाळे लोटले. दोरीचे खांब आहेत, दोरी नाही. पण सोमवारी चावी बंदच असते.

आता लाकडाचं सांगायला हवं, कारण गोष्ट तेलाची असली तरी दुखणं लाकडाचं होतं.

आमच्याकडे माणसाची लाकडाची थप्पी रस्त्याकडे तोंड करून असते. ती किती उंच, किती सरळ, टोकांना कशी आडवी-उभी बांधलेली, त्यात सावकाश जळणारं जड मेपल किती आणि हलकं बर्च किती, हे येणारा-जाणारा बघतो. चर्चमध्ये कोण किती मोठ्यानं गातं यापेक्षा ते जास्त बघितलं जातं. थप्पी चांगली असली तर त्या घरात सगळं ठीक आहे. आणि थप्पी कमी दिसली तरी कुणी कुणाला लाकूड देऊ करत नाही. देणं म्हणजे तोंडावर म्हणणं की बाबा, तुझं आता संपलं. आमची माणसं फिनलंडहून आली तेव्हा बरोबर फार काही नव्हतं, हा ताठा मात्र सगळ्यांनी न विसरता आणला. तो मला अजून आवडतो. त्याची किंमतही मी बघितली आहे.

वायनोकाकांची थप्पी रस्त्यावरची सगळ्यांत देखणी. जन्मभर त्यांनी गिरणीत करवतींना धार लावली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रानात लाकूड तोडलं. लाकडाची एकेक फोड ते हातात फिरवून बघत आणि मगच ठेवत. त्यांच्या थप्पीत शिरायला उंदरालासुद्धा जागा शोधावी लागे. पण मागच्या वसंतात सौनाच्या छपरावरचा बर्फ उतरवताना ते घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. हाड सांधलं. हात मात्र छातीच्या वर जाईना. कुऱ्हाड उगारायची तर हात डोक्याच्या वर न्यावा लागतो.

त्या शरदात त्यांची मुलगी कारेन आली होती. ती मिशिगनचे दोन तुकडे जोडणाऱ्या लांब पुलाच्या पलीकडे, दक्षिणेला, ग्रँड रॅपिड्सला शाळेत शिकवते. पुलापलीकडच्यांना आम्ही मिशिगनचे मानत नाही आणि ते आम्हाला कशाचेच मानत नाहीत. कारेन मात्र इथलीच. तिनं बापाला जेवताना बघितलं, काटा डाव्या हातात धरलेला. तिनं बंबघराला चक्कर मारली, थप्पीला मारली. मग स्वयंपाकघरात बसून, कॉफी निवू देत, सरळ म्हणाली की बाबा, माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे, तुम्ही ह्याच हिवाळ्यात चला. काका म्हणाले, घर त्यांच्या बापानं बांधलंय, आणि घराच्या आधी सौना बांधलं, आणि स्वतः वायनो त्या सौनात जन्मले. कारेन म्हणाली, हे सगळं मला पाठ आहे, लाकडाचं सांगा.

तेव्हा काकांनी शब्द दिला. बर्फ जाईपर्यंत घर मी माझ्या हातानं गरम ठेवीन. नाही जमलं तर तुला विचारावं लागणार नाही, मीच फोन करीन. मग तू म्हणशील तिथे येईन.

कारेन ह्या शब्दावर परत गेली. वायनो केस्कितालोंचा शब्द म्हणजे काय हे तिला आमच्याहून जास्त ठाऊक होतं. ह्या शब्दाचं आम्हालाही तिनंच जाताना सांगितलं, मला आणि रॉय हार्यूला. "लक्ष ठेवा" म्हणाली नाही. नुसतं सांगितलं आणि गाडीत बसली.

रॉय माझा आणि काकांचा शेजारी. जंगलात लाकूडतोडीचा धंदा, हात फावड्याएवढे, बोलणं भरपूर आणि त्यातलं कामाचं थोडं. त्याच्याकडे ओंडके ओढायचं मोठं यंत्र आहे, माणसाच्या दुप्पट उंचीची बैठक असलेलं. त्या बैठकीवरून रॉयनं पहिल्या बर्फातच एक गोष्ट बघितली, जी रस्त्यावरून दिसत नव्हती. ती त्यानं मला सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही.

हिवाळा जोरात आला. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की आमच्याकडे बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. वायनोकाकांचा बंब चालला होता. नळीच्या तोंडाशी पिसारा होता. रस्त्याकडची थप्पी भिंतीसारखी उभी होती, तिची उंची तसूभरही कमी होत नव्हती, आणि आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्यानं काय हिशेबानं चालवलंय. तेलाचे कॅन नेहमीपेक्षा जास्त येत होते. काका दुकानात सांगत, यंदा लोकांची इंजिनं फार तेल टाकतायत, मला उसंत नाही. चेहरा मात्र खूश असे. आपण लोकांची अडचण दूर करतोय ह्या समजुतीनं माणूस जितका ताठ चालतो तितका दुसऱ्या कशानं चालत नाही.

मग तो शनिवार आला.

शनिवार सौनाचा. एका शनिवारी एकाकडे, पुढच्या शनिवारी दुसऱ्याकडे. त्या दिवशी काकांकडे पाळी होती. दुपार कलताना मी गेलो तेव्हा रॉय आधीच आलेला होता, टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बूट काढत होता. काका बंबघरातून आले. सौनाला पाणी जास्त लागतं म्हणून त्यांनी बंबात लाकूड टाकलं होतं आणि डब्यात नवा कॅन ओतला होता. हात पुसत म्हणाले, "आजचं तेल कुणाचं कोण जाणे. ह्या गारठ्यात पाण्यासारखं ओतलं गेलं. उबेत ठेवलेलं असणार. निवून जाड होईल म्हणून चावी जरा सैल सोडलीय."

रॉय बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. मी तेव्हा त्याच्याकडे बघितलं नाही. बघण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

आत गेलो. वरच्या फळीवर काका, खाली आम्ही. सौनात आमच्याकडे चर्चसारखं वागतात. भांडण नाही, खोटं नाही, धंद्याचं बोलणं नाही. थट्टा चालते. काकांनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफेनं कान भाजले आणि रॉय दाराकडे सरकला. काका म्हणाले, "एवढा मोठा देह दिला देवानं आणि आत लोणी भरलं." रॉय म्हणाला, "लोणी नाही काका, तुमच्या लेम्पीकाकूंचा वेलचीचा पाव आहे. लहानपणापासूनचा साठलाय." काका हसले. काकूंचं नाव निघालं की ते आधी हसत आणि मग पळीभर पाणी टाकत.

त्यांनी पळी उचलली आणि तशीच धरली.

कोपऱ्यातला गरम पाण्याचा नळ, बंबाकडून येणारा, खडखडायला लागला होता. कुणी आतून हातोडी मारावी तसा. मग त्यातून फुस्स करून वाफ आली.

काका फळीवरून उतरले ते पायात बूट सरकवून सरळ बाहेर. त्यांच्यामागे आम्ही. तीन नागडी माणसं गुडघाभर बर्फातून धावत होती. कुणी बघितलं असतं तर हिवाळाभर हसलं असतं, पण आम्हाला त्या वेळी आपण नागडे आहोत हे कळलंच नाही. बंबघराच्या छपरातल्या नळीतून शिट्टी घालत वाफेचा खांब वर गेला होता. धुरांडं बुडाशी लाल झालं होतं. आतल्या ज्वाळेच्या जिभा दाराच्या फटीतून बाहेर पत्र्याला चाटत होत्या.

रॉयनं सौनातली पाण्याची बादली उचलून आणली होती. तो ती दारावर रिकामी करणार तोच काकांनी त्याला कोपरानं ढकललं.

"पाणी नको. राख घे."

बंबाजवळ राखेचं पिंप असतं. मी फावडं घेतलं. काकांनी खालची हवेची झडप पायानं बंद केली आणि चावीकडे हात टाकला. जन्मभराच्या सवयीनं उजवा टाकला. हात छातीशी येऊन थांबला. त्यांनी पुन्हा जोर केला आणि तो पुन्हा तिथेच थांबला. फळी त्याच्या वर वीतभर होती. तांब्याच्या नळीतून तेल थेंबानं पडत नव्हतं, धारेनं जात होतं. मग रॉयनं त्यांच्या खांद्यावरून आपला लांब हात पुढे केला आणि चावी बंद केली.

त्यांच्या त्या हाताकडे आम्ही दोघांनी बघितलं आणि आम्ही बघितलं हे त्यांनी बघितलं.

मी दार उघडून राख आत फेकत गेलो. थाळी बुजली, ज्वाळा खाली बसली. शिट्टीचा आवाज उतरत उतरत उसासा झाला. पत्रा करपला होता, पण खोपट उभं होतं. तेव्हा मला वेळ मिळाला आणि मी सहज थप्पीकडे बघितलं. बंबघराच्या बाजूनं मी ती कधी बघितली नव्हती. थप्पी नव्हतीच. रस्त्याकडची एक रांग होती, डोक्याएवढी उंच, काटेकोर रचलेली. तिच्यामागे, जिथे आणखी चार-पाच रांगा असायला हव्यात, तिथे नुसता बर्फ होता आणि सालींचा चुरा. काका मागून जाळत आले होते. पुढची रांग फक्त आमच्यासाठी ठेवली होती.

मी नजर वळवली. काकांनी फळीवरचा डबा रॉयकडून खाली उतरवून घेतला होता. तो त्यांनी दाराबाहेर तिरका केला. उरलेलं तेल बर्फावर पडलं. मध्ये काळा ठिपका झाला. आम्ही बघत असताना त्या काळ्याच्या कडेनं एक फिकट गुलाबी रंग बर्फात पसरायला लागला, जखमेभोवती पट्टीवर पसरतो तसा.

जळकं तेल गुलाबी होत नाही. जंगलातल्या यंत्रांना जे बिनकराचं डिझेल मिळतं त्यात ओळखीसाठी लाल रंग घातलेला असतो. हे आमच्याकडे प्रत्येकाला माहीत आहे.

"आत चला," काका म्हणाले. "गोठाल."

पुन्हा सौनात येऊन बसलो. अंग कापत होतं. काकांनी दगडांवर पाणी टाकलं नाही. वरच्या फळीवरही गेले नाहीत, आमच्याशेजारी खालीच बसले.

"रॉय," ते म्हणाले, "लाल तेल ह्या रस्त्यावर एकाच्याच टाकीत आहे."

रॉय आपल्या पायांकडे बघत होता. दुसऱ्या कुठल्या जागी त्यानं काहीतरी रचून सांगितलं असतं. त्याला ते चांगलं जमतं.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"हरणांच्या शिकारीचा हंगाम संपल्यापासून. आधी थोडं थोडंच घालत होतो, काळ्या तेलात मिसळून. आज काळं कमी होतं माझ्याकडे."

"मी चावी थेंबाला लावतो. तू धार पाठवलीस."

"मला वाटलं चांगलं तेल चांगलं जळेल."

"चांगलंच जळलं."

 दगड तडकत होते. मग रॉय एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता, "मी ट्रकभर मेपल आणलं असतं तर घेतलं असतंत?"

"नाही."

"मग मी काय करायचं? तुमची थप्पी मागून रिकामी आहे हे मला पहिल्या बर्फापासून दिसतंय. मी काय करायचं होतं, काका?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "वर एल्म, खाली मेपल. हे मी कुणाकडून शिकलो?"

हे मला नंतर रॉयनं समजावून सांगितलं, पण काकांना समजावावं लागलं नाही. रॉयचा बाप झाडाखाली सापडून गेला तेव्हा रॉय शाळेत जायच्या वयाचा होता. त्या शरदात वायनोकाका त्यांच्या दारात गाडाभर लाकूड घेऊन आले आणि रॉयच्या आईला म्हणाले, हा एल्म आहे, ह्याला जाळताना घोड्याच्या मुताचा वास येतो, कुणी घेत नाही, माझी जागा अडवतोय, तुम्ही जाळून टाकलात तर उपकार होतील. आई म्हणाली, टाका. काका गेल्यावर रॉय लाकूड रचायला लागला. वरचा थर एल्मचा होता. खाली सगळं वाळलेलं, फोडलेलं मेपल. तो धावत आईकडे गेला. आईनं त्याला गप्प केलं आणि सांगितलं, उद्या जा आणि काकांना एल्मबद्दल धन्यवाद दे. एल्मबद्दलच म्हण. तो गेला आणि तसं म्हणाला. पुढच्या शरदातही एल्म आला.

काका आता रॉयकडे बघत नव्हते. भिंतीच्या लाकडावर त्यांच्या स्वतःच्या बापाच्या कुऱ्हाडीचे वण आहेत, त्यांच्याकडे बघत होते.

"एल्मनं कुणाचं छप्पर पेटलं नसतं," ते अखेर म्हणाले. "लाकूड दिसतं. वरचा थर काढला की खालचं दिसतं. तेलात काय आहे ते जळल्यावरच कळतं." मग थोड्या वेळानं, "पण शिकलास माझ्याकडूनच. ते खरं."

ते उठले आणि टॉवेल गुंडाळला. "मला फोन करायचाय."

रॉय ताडकन उभा राहिला. "कारेनला? कशाला? खोपट उभं आहे. काही झालं नाही. कुणी बघितलं नाही."

"मी बघितलं," काका म्हणाले.

फोन त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, ओले केस, हातात कॉफी, आणि उठून जावं की बसावं हे कळत नव्हतं. काकांनी आम्हाला जायला सांगितलं नाही. मला वाटतं साक्षीदार असावेत अशीच त्यांची इच्छा होती. त्यांनी बंबाचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, थप्पीची रांग एकच आहे हेही सांगितलं. घर माझ्या हातानं गरम आहे असं मी समजत होतो, म्हणाले, पण ते हरणांच्या हंगामापासून रॉयच्या हातानं गरम आहे. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून फोन केला.

 भिंतीकडच्या नळकांड्यांतलं पाणी फिरताना ऐकू येत होतं. मग कारेन काहीतरी थोडकंच बोलली. काका म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी ती येणार होती. सामान काय न्यायचं ते तेव्हा ठरवू, असं म्हणाली होती.

रॉयनं कॉफी तशीच ठेवली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चला जाताना सगळ्या गावानं ते बघितलं. वायनोकाकांनी रस्त्याकडच्या रांगेतून मधोमध लाकडं काढली होती. टोकाकडून नाही, मधोमध, दाराएवढी खिंड पाडून. त्या खिंडीतून मागचा रिकामा बर्फ सरळ दिसत होता. जाणाऱ्या गाड्या तिथे हळू होत होत्या. आमच्याकडे कुणी असं करत नाही. माणूस उपाशी असला तरी पुढची रांग शेवटी जाळतो. मी त्या खिंडीकडे बघितलं आणि मला कालच्या त्यांच्या हाताची आठवण झाली, छातीशी येऊन थांबलेल्या.

सोमवारी रॉयनं ट्रक मागे घेत त्यांच्या अंगणात आणला आणि मेपल ओतलं. वर एल्म नव्हता. त्याच्यामागून दुसरे आले. कुणी बर्च आणला, कुणी जुन्या गोठ्याचे वासे चिरून आणले.  काका दारात उभे होते. त्यांना हे बघणं फार जड जात होतं हे दिसत होतं. अखेर ते आत गेले, हातमोजे घालून आले, डाव्या हातानं एक फोड उचलली, फिरवून बघितली आणि खिंडीच्या मागे खाली ठेवली. मग दुसरी. फोडणाऱ्यांनी फोडत जावं, त्यांनी रचत जावं, असं न ठरवता ठरलं. एकानं आपणही रचायला हात लावला तर काकांनी त्यानं ठेवलेली फोड उचलली, उलटी केली आणि पुन्हा ठेवली. त्यानंतर रचायला कुणी गेलं नाही.

शनिवारी कारेन आली. पुलावर वारा होता म्हणून तिला उशीर झाला. तिनं गाडीतून दोन रिकाम्या बॅगा काढल्या, त्या हातात धरून ती अंगणात उभी राहिली आणि थप्पीकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "बाबा, ह्यात तुमच्या हातचं किती?"

"रचलेलं सगळं," काका म्हणाले. "फोडलेलं काही नाही."

"तुम्ही शब्द दिला होता."

"म्हणून फोन केला. तू म्हणशील तिथे येतो. हातातली रांग तेवढी पुरी करू दे."

कारेन वळून रॉयकडे गेली. तो कुऱ्हाड टेकवून उभा होता, नजर चुकवत. तिनं त्याला विचारलं की हे पुढच्या वर्षी कोण करणार, आणि त्याच्या पुढच्या? रॉय म्हणाला, पुढच्या वर्षीचं त्यानं आताच पाडून ठेवलंय, वाळायला हवं ना. एवढं सांगून त्याला वाटलं कमी पडलं, म्हणून म्हणाला, "कारेन, माझ्या आईनं दोन हिवाळे ह्यांचा एल्म जाळला."

ती गोष्ट तिला माहीत होती. तिनं बॅगा परत गाडीत टाकल्या. पण काकांना तिनं तसंच सोडलं नाही. मास्तरीणच ती. समोर उभी राहून म्हणाली, आधीचा शब्दच चुकीचा होता, तो तुम्ही दिलात आणि मी घेतला, दोघांचं चुकलं. आता दुसरा द्या. घर कुणाच्या हातानं गरम राहतं ह्याचा शब्द मला नको. संपत आलं की सांगायचं. मला, रॉयला, दिसेल त्याला. पुढची रांग उभी ठेवून मागून जाळायचं नाही.

काकांनी हातातली फोड फिरवली. हा शब्द पहिल्यापेक्षा त्यांना कितीतरी अवघड होता, आणि तो देताना त्यांनी तितकाच वेळ घेतला.

"सांगीन," ते म्हणाले.

ती दोन दिवस राहिली, बापाबरोबर रचत होती. तिनं ठेवलेल्या फोडी त्यांनी उलट्या केल्या नाहीत.

तेलाचे कॅन अजून जातात. पण आता नुसते दाराशी ठेवून पळता येत नाही. काकांनी फळी खाली, छातीच्या उंचीला आणली आहे, आणि तेल आणणाऱ्यानं हाक मारायची, बूच उघडायचं आणि त्यांच्यादेखत एक थेंब बर्फावर टाकायचा. मग दोघांनी उभं राहून बघायचं, कडेनं काही पसरतं का. ह्याला वेळ लागतो. उभ्या उभ्या चार गोष्टी होतात. किती लाकूड उरलं हे काका न विचारता सांगतात, जरा रागानं, पण सांगतात.

परवा मी ट्रकचं तेल बदललं आणि कॅन घेऊन गेलो. थेंब टाकला. दोघं बघत राहिलो. काळा ठिपका काळाच राहिला, बर्फात थोडा खचला. काकांनी मान हलवली आणि कॅन भिंतीशी ठेवला. बंब लाकडावर संथ चालला होता, नळीच्या तोंडाशी पिसारा होता. मी विचारलं, डब्यात ओतून देऊ का.

"आज सोमवार आहे," ते म्हणाले, आणि दोरी नसलेल्या खांबांकडे एकदा बघून आत कॉफी ठेवायला गेले.